रोहिणीचे पाणी, नीरेचे पाणी

इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकी या गावाच्या नावात दोन वनस्पती शेजारी शेजारी उभ्या आहेत. नावाची व्युत्पत्ती ग्रामनामांच्या अभ्यासकांनी सांगावी. परंतु ज्या प्रदेशात हे गाव वसले आहे, त्याचा स्वभाव या दोन शब्दांत नेमका आला आहे असे प्रस्तुत लेखकास नेहमी वाटत आले आहे. निंब हा उन्हाळ्यात, पाण्यावाचून, मुरमाड माळावर तग धरणारा वृक्ष. केतकी म्हणजे केवडा. ओलाव्याच्या काठाने, दलदलीच्या कडेने वाढणारी वनस्पती. वर्षाला सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात गेल्या दीडशे वर्षांत माणसाने निंबाच्या भूमीत केतकीचे दिवस आणण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात पुष्कळ मिळविले, काही कायमचे गमावले, आणि मिळविलेले व गमावलेले कोणाच्या वाट्याला आले याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला गेला.

निसर्ग आणि माणूस यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे दोन टोकांनी होतो. एका बाजूला प्राचीन भारतात सारे काही निसर्गपूजक व मंगल होते असे सांगणारे लोक आहेत. दुसऱ्या बाजूला, झाडे, पशुपक्षी यांचा विचार म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद, आमच्या माणसाला अजून पिण्याचे पाणी मिळत नाही, असे म्हणणारे आपलेच काही कार्यकर्ते आहेत. दुसऱ्या म्हणण्यातील वेदना खरी आहे. १९२७ साली चवदार तळ्यावर ज्यांना पाण्यासाठी मार खावा लागला त्यांच्या वंशजांनी ती बोलून दाखविली तर नवल नाही. तथापि पाली वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यास ही दोन्ही टोके अपुरी वाटतात. तिपिटकात निसर्गाचा विचार माणसामाणसांतील व्यवहारापासून तोडून कोठेही केलेला दिसत नाही. याचे सर्वांत मोठे उदाहरण दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त होय.

हे सुत्त आपल्या वाचकांना वर्णव्यवस्थेच्या खंडनासाठी परिचित आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोघे ब्राह्मण कुळातून आलेले तरुण. संघात प्रवेश करू पाहतात म्हणून स्वजातीयांकडून निंदा सहन करीत आहेत. जन्माने कोणी श्रेष्ठ नाही हे त्यांना समजावून सांगताना तथागत लोकाच्या उत्पत्तीची कथा सांगतात. या कथेचा उत्तरार्ध, म्हणजे महासम्मताची निवड आणि चार वर्णांचा लौकिक उगम, आपण भाषणांतून वारंवार उद्धृत करतो. पूर्वार्ध मात्र वाचला जात नाही. या पूर्वार्धात पृथ्वीच्या ऱ्हासाचा क्रम आहे. प्रथम पृथ्वीचा रस होता. प्राण्यांनी तो लोभाने घास घास करून खाल्ला व तो नाहीसा झाला. मग भूमीवर बुरशीसारखी पापुद्र्याची वाढ आली, तीही संपली. मग वेल आली, तीही गेली. अखेर न नांगरलेल्या जमिनीत आपोआप पिकणारा, कोंडा व तूस नसलेला तांदूळ आला. संध्याकाळी कापला की सकाळी पुन्हा तयार, असा तो होता. एका आळशी प्राण्याने सकाळ-संध्याकाळचा तांदूळ एकदमच आणला. दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार दिवसांचा, पुढच्याने आठ दिवसांचा साठा केला. साठा होऊ लागताच तांदळावर कोंडा आणि तूस चढले, कापलेले पुन्हा उगवेनासे झाले, रिकामी ठिकाणे पडू लागली. तेव्हा लोकांनी शेतांना बांध घातले. बांध घातले म्हणून चोरी आली, चोरी आली म्हणून दंड आला, दंड आला म्हणून राजा आला.

ही कथा सृष्टिशास्त्र म्हणून वाचण्याचे कारण नाही. परंतु तिच्यातील कार्यकारणभाव पाहण्याजोगा आहे. जमिनीचा नाश देवाच्या कोपाने होत नाही, कलियुगानेही नाही. माणसाच्या गरजेपेक्षा जास्त घेण्याच्या कृतीने तो होतो, आणि जमिनीचा नाश झाला की लगेच माणसामाणसांत मालकी, चोरी व श्रेणी उत्पन्न होतात. ज्या सुत्तात वर्णश्रेष्ठत्वाचे खंडन आहे त्याच सुत्तात भूमीच्या ऱ्हासाचीही कथा असावी, हा योगायोग मानणे कठीण आहे.

आता नीरेच्या खोऱ्याकडे वळू. नीरा नदी भोरच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे वाहते आणि इंदापूर तालुक्यातच, नीरा नरसिंहपूर येथे, भीमेला मिळते. या दोन नद्यांच्या मधला माळ हे पूर्वी गवताचे, मेंढपाळांचे, बाजरी-ज्वारीचे राज्य होते. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या भागाने जे पाहिले त्यातून नीरा डाव्या कालव्याची योजना मार्गी लागली. हजारो उपाशी माणसांना सरकारी कामांवर घेतले गेले. १८७७ च्या आरंभी मजुरीत कपात झाली तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून जाण्याचे प्रकारही घडले. ज्यांच्याकडे ना जमीन ना धान्य, अशा अस्पृश्य व भूमिहीन जातींना अशा कामांशिवाय दुसरा आसरा नसे, हे वेगळे सांगायला नको. भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर धरण बांधले गेले, त्याच्या जलाशयाला व्हायटिंग या अभियंत्याचे नाव मिळाले, आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या माळावर वाहू लागले. पुढे १९२८ मध्ये भाटघर येथेच मोठे लॉईड धरण झाले व उजव्या कालव्याचीही सोय झाली.

कालव्याचा मूळ हेतू दुष्काळापासून संरक्षण हा होता. पावसाने दगा दिला तर जिरायत पिकाला एक-दोन पाणी मिळावे, इतकाच. प्रारंभी शेतकरी पाणी घ्यायलाच तयार नसत. चांगला पाऊस झाला की कालवा नुसता वाहत असे आणि सरकारचा खर्च निघत नसे. तेव्हा बारमाही पाण्याच्या उसाला उत्तेजन देण्यात आले. सासवडकडचे माळी शेतकरी या कालव्यावर येऊन खंडाने जमिनी घेऊन ऊस करू लागले, आणि त्यांच्या कौशल्याने या भागाचे रूप पालटले. दुष्काळातील गरिबाच्या भाकरीसाठी काढलेला कालवा गुळाच्या ढेपेसाठी वाहू लागला, असे म्हटले तर ते कटु वाटेल, पण खोटे ठरणार नाही.

यानंतर जे घडले ते अग्गञ्ञसुत्ताच्या वाचकास ओळखीचे वाटेल. काळ्या खोल जमिनीच्या खाली मुरमाचा थर असतो. कालव्यातून पाझरलेले आणि शेतात गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी त्या थरातून पसरते, सखल भागात साचते आणि हळूहळू वर चढू लागते. कातळाच्या झिजेतून तयार झालेले क्षार जमिनीत मुळातच असतात. जास्त पावसाच्या प्रदेशात ते धुऊन जातात, येथे जात नाहीत. पाण्याबरोबर ते वर येतात, पाण्याची वाफ होते आणि क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने उरतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो, खारवट म्हणतो. प्रथम उसाचा वाढा पिवळा पडतो, मग ठिकठिकाणी रिकामे पट्टे पडतात, अखेर त्या शेतात लव्हाळ्याखेरीज काही येत नाही. सुत्तातील ‘रिकामी पडलेली ठिकाणे’ वाचताना बारामतीच्या पूर्वेकडील चोपण शेते डोळ्यांपुढे येतात, हे कबूल केले पाहिजे.

हे सारे इतक्या लवकर घडले की कालवा सुरू झाल्यानंतर पंचवीस वर्षांत, १९१० मध्ये, नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याला स्वतंत्र पुस्तिका काढावी लागली. तिचे लेखक होते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे. या अभ्यासाला भारतातील सिंचनाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. मान यांच्याविषयी येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. ज्या काळात पुण्यातील विद्वज्जन वेदकाळाच्या निर्णयात गढले होते, त्या काळात या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये पुण्यातील अस्पृश्य वस्त्यांवर आणि १९१६ मध्ये दख्खनच्या एका खेड्यातील महारांच्या स्थितीवर निबंध लिहिले. पुढे १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाच्या जमिनीचा व श्रमाचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीचे क्षार मोजणारा माणूस त्या जमिनीवर राबणाऱ्याच्या कर्जाचे आकडेही मोजतो, ही गोष्ट लहान नाही. आपल्या चळवळीच्या इतिहासात मान यांचे नाव अधिक आदराने घेतले जावयास हवे.

उपाय झालेच नाहीत असे नाही. उसाचे क्षेत्र ठरावीक हिश्शात ठेवण्याची ब्लॉक पद्धत आली, पाणी बाहेर काढणारे चर खोदले गेले, सी. सी. इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांनी निचऱ्याच्या शास्त्रावर वर्षानुवर्षे काम केले. परंतु ओढ उसाकडेच राहिली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. भवानीनगर आणि माळेगाव ही नावे या पट्ट्यात घरोघर झाली. कारखान्यांनी शाळा दिल्या, दवाखाने दिले, रस्ते दिले. त्यांना नुसते दोष देणे ही कृतघ्नता होईल. मात्र सभासदत्व उसाच्या शेतीवर अवलंबून, उसाची शेती पाण्यावर अवलंबून आणि पाणी जमिनीच्या मालकीवर अवलंबून. ज्याच्याकडे वतनाचा तुकडाच काय तो होता, किंवा तोही नव्हता, त्याच्यासाठी या साखळीत ऊसतोडीच्या कोयत्याखेरीज जागा उरली नाही. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ पासून विधिमंडळात लढा दिला. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला. तोपर्यंत कालव्याची चांगली जमीन वाटून संपली होती.

या संदर्भात निमगाव केतकीच्या पानमळ्यांकडे लक्ष वेधावेसे वाटते. हे गाव विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. पानमळा म्हणजे माणसाने लावलेले एक छोटेसे बनच. शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा अशी झाडे दाट लावायची, त्यांच्या सावलीत वेल चढवायची, तिला लव्हाळ्याने बांधायची आणि ठरावीक काळाने वेल उतरवून पुन्हा मातीत घ्यायची. पानवेल मोठी नाजूक. तिला पाणी वरचेवर लागते, पण मुळाशी पाणी साचले की ती मरते. त्यामुळे पानमळा करणारा शेतकरी पाण्याची मात्रा बोटावर मोजल्यासारखी जाणतो. ज्या तालुक्यात उसाच्या सरीत पाणी तुडुंब सोडून जमिनी चोपण झाल्या, त्याच तालुक्यात ही मात्रा जाणणारी शेतीही टिकून राहिली.

मात्रेला पालीत मत्ता म्हणतात आणि मात्रा जाणण्याच्या गुणाला मत्तञ्ञुता. निकायांत हा शब्द मुख्यतः भोजनाच्या संदर्भात येतो, आणि तो शेतीला लावताना आपण मूळ अर्थाचा विस्तार करीत आहोत याची जाणीव ठेवली पाहिजे. पण विनयपिटकात वस्तूंच्या वापराविषयी जी दृष्टी आहे ती पाहिली तर हा विस्तार गैरवाजवी वाटणार नाही. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली तेव्हा राजाला शंका आली, की हा श्रमण कापडाचा व्यापार तर करणार नाही? त्याने विचारले, आणि आनंदांनी सांगितले : ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. मग त्यांचे? जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग झाडण्याचे फडके. आणि शेवटी? फडकी कुटून मातीत कालवू आणि जमीन सारवू. चुल्लवग्गातील हा संवाद वाचून आपल्या आईची आठवण न होणारा वाचक विरळाच. गोधडीचे अर्थशास्त्र आपल्या घरांत कोणी शिकविले नव्हते. दारिद्र्याने ते लादले होते. संघाने ते समजून स्वीकारले, एवढाच फरक. हा फरक मात्र मोठा आहे, आणि दारिद्र्याला संयम समजून गौरविण्याची चूक आपण करू नये.

विनयातील आणखी काही नियम येथे पाहण्याजोगे आहेत. आळवी येथील भिक्खू विहाराच्या दुरुस्तीसाठी जमीन खणीत, झाडे तोडीत. त्यावरून पाचित्तियातील दहावा व अकरावा नियम झाला. जीव असलेले पाणी गवतावर वा मातीवर ओतू नये, हा विसावा नियमही आळवीचाच. हिरवळीवर व पाण्यात मलमूत्र विसर्जन वा थुंकणे सेखिय नियमांनी निषिद्ध आहे. वर्षावासाची प्रथाही पावसाळ्यात हिरवे गवत आणि लहान जीव तुडवीत भिक्खू हिंडतात या लोकांच्या तक्रारीतून सुरू झाली, असे महावग्गात सांगितले आहे. या नियमांचा उत्साहाने उल्लेख करणारे एक गोष्ट विसरतात. हे नियम भिक्खूंना आहेत, शेतकऱ्याला नाहीत. तथागतांनी उपासकाला नांगर धरू नको असे कोठेही सांगितलेले नाही. उलट संयुत्तनिकायातील वनरोपसुत्तात बागा व वने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई आणि विहीर करणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. झाड लावणे आणि पाण्याची सोय करणे ही दोन्ही कामे तेथे एकाच श्वासात आली आहेत. निसर्गाला हातच लावू नये ही शिकवण येथे नाही. हात कशासाठी लावावा, याची आहे.

या शिकवणीचा दगडावर कोरलेला पुरावा आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. जुन्नरच्या लेण्यांत अडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा लेख आहे. त्याने एका श्रेणीकडे दिलेल्या दानात वडालिका गावातील करंजाच्या झाडांची वीस निवर्तने आणि कटापुतक गावातील वडाजवळची नऊ निवर्तने जमीन नोंदविली आहे. करंजाचे तेल दिव्याला चालते. झाड उन्हाळ्यातही हिरवे राहते. परदेशातून आलेला एक उपासक दख्खनच्या मातीत करंजाचा आणि वडाचा हिशेब दगडावर कोरून ठेवतो. तेथेच मनमोडीच्या डोंगरात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने ४६ व्या वर्षी मंडप आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिल्याचा लेख आहे. लेण्यालेण्यांतून खोदलेल्या या पोढ्या पावसाचे पाणी कातळातच धरून ठेवीत. कान्हेरीला तर पन्हाळी आणि टाकी यांची अशी योजना आहे की आजच्या अभियंत्यानेही पाहावी. नाशिकच्या लेखांत उषवदाताच्या दानांत हजारो नारळांच्या झाडांचा उल्लेख येतो. मात्र त्यांतील एक मोठे दान, बत्तीस हजार झाडांचे, चरकांच्या परिषदांना दिलेले आहे, संघाला नव्हे. वृक्षदान ही केवळ बौद्धांची मिरास होती असा दावा करण्याचे कारण नाही.

सम्राट अशोकाविषयी लिहितानाही असा तोल सांभाळावा लागतो. दुसऱ्या शिलालेखात त्याने माणसांसाठी व पशूंसाठी औषधी वनस्पती लावल्याचे, रस्त्यांवर विहिरी खणल्याचे व झाडे लावल्याचे सांगितले आहे; सातव्या स्तंभलेखात सावलीसाठी वड आणि आमराया यांचा उल्लेख आहे; राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य पशुपक्ष्यांची लांबलचक यादी असून विनाकारण वा हिंसेसाठी वणवा लावू नये, जिवंत जीव असलेले तूस जाळू नये अशी आज्ञा आहे. जगातील कोणत्याही राज्यकर्त्याने इतक्या पूर्वी अशी आज्ञा दगडावर कोरलेली क्वचितच आढळेल. परंतु त्याच अशोकाने तेराव्या शिलालेखात अरण्यवासी लोकांना सौम्य शब्दांत का होईना पण दटावले आहे. अरण्य राखणारे राज्य आणि अरण्यात राहणारी माणसे यांच्यातील तणाव तेव्हापासूनचा आहे.

तो तणाव आज इंदापूरच्या माळावरही आहे. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आढळतो, लांडगा आढळतो. बारामती तालुक्यातील सुपे येथे चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. ही गवताळ राने सरकारी कागदांत पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हणून नोंदली गेली, आणि जे पडीक ते कोणालाही द्यावे, खणावे, झाडे लावून झाकावे असा व्यवहार झाला. गवताचा माळ म्हणजे नासलेले जंगल नव्हे, ती स्वतंत्र आणि प्राचीन सृष्टी आहे, हे अभ्यासकांना पटू लागले आहे. धनगराला ते पूर्वीच ठाऊक होते.

पण येथे आपल्या वाचकांनी अडखळले पाहिजे, कारण गायरानाचा प्रश्न आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, त्यांतील मागणी पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या, हीच होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरील शेती-अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. १४ एप्रिल ही तारीख कोणाच्या स्मरणार्थ निवडली गेली हे सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला, तेव्हा भूमिहीन व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने अधिकृतपणे दिलेल्या जमिनींचा अपवाद केला. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर गायरानांचा विषय आला आणि राज्यभर नोटिसांनी घबराट पसरली. पर्यावरणाच्या नावाने गरिबाच्या दोन एकरांवर नांगर फिरवायचा आणि शेकडो एकर चोपण करणाऱ्याला विचारायचे नाही, हा न्याय नव्हे. त्याचबरोबर, उरलेला गवताचा माळ हा वाटपासाठी शिल्लक ठेवलेला तुकडा आहे असे आपणही मानू नये. कालव्याच्या भिजत्या जमिनीची मागणी करण्याचे धैर्य न झाल्यामुळे आपण कोरड्या माळावर समाधान मानले, हे आपल्या राजकारणाचे अपयश आहे. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये शेती हा राज्याचा उद्योग करून जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामूहिकरीत्या कसायला देण्याची जी योजना मांडली, तिच्यात माळ आणि मळा असा भेद नव्हता.

बाबासाहेबांना धरणविरोधी ठरविण्याचा एक नवा प्रयत्न अधूनमधून दिसतो. त्याला आधार नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोरे आणि महानदी यांच्या योजनांना त्यांनी चालना दिली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे बोलताना त्यांनी जास्तीचे पाणी हे संकट मानण्याची दृष्टीच चुकीची ठरविली. पाणी हे लोकांचे धन आहे, निसर्गाला दोष देण्यापेक्षा ते साठवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘लोकांचे’ या शब्दावर त्यात भर होता. १९८० मध्ये उजनीचे पाणी अडले आणि भीमाकाठची अनेक गावे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे छापली जातात. भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी येतात, तेही खरे. त्याच जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येऊन साचते. लोकांचे धन असे दोन्ही बाजूंनी लोकांपर्यंत पोचते.

शेवटी रोहिणीकडे येऊ. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगितले आहे. त्यापूर्वी धर्मानंद कोसंबींनीही सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताच्या आधारे हा विचार मांडला होता. त्या सुत्तात थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांची उपमा आहे. एकमेकांविरुद्ध उठलेली अशी प्रजा पाहून आपणास भय वाटले, असे तथागत सांगतात. जातक व धम्मपद यांच्या अट्ठकथांत मात्र हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. कालानुक्रमाचा हा वाद विद्वानांनी अवश्य घालावा, पण अट्ठकथेतील तपशील त्याहून मोलाचा आहे. ज्येष्ठ महिना, पिके माना टाकू लागलेली. एकच बंधारा, दोन्ही काठांचे लोक त्याच पाण्यावर शेती करणारे. कोलिय म्हणतात, पाणी दोघांत वाटले तर कोणालाच पुरणार नाही, आमचे पीक एका पाण्यात निघेल, आम्हाला द्या. शाक्यही तेच म्हणतात. मग शिवीगाळ, एकमेकांच्या कुळांची निंदा. कोलियांना बोरीच्या झाडाच्या ढोलीत राहिलेले म्हणून हिणविले जाते. आणि हे भांडण सुरू करणारे कोण? दास आणि कामकरी. ज्यांचे शेत नाही, ज्यांना पिकात वाटा नाही, तेच बंधाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर धावतात; त्यांच्या मालकांना नंतर बातमी पोचते आणि ते शस्त्रे घेऊन येतात. तथागत त्यांना विचारतात, पाण्याचे मोल किती आणि क्षत्रियांच्या रक्ताचे किती? मग एकाकी वृक्ष वादळात उन्मळतो आणि बनातले वृक्ष एकमेकांच्या आधाराने टिकतात, हे रुक्खधम्मजातक ते त्यांना सांगतात.

नीरेचा प्रश्न असाच दोन काठांचा आहे. नीरा देवघर धरणाच्या पाण्यावरून डाव्या कालव्याकडील बारामती-इंदापूर आणि उजव्या कालव्याकडील फलटण, माळशिरस व सांगोला असा वाद झाला. २०१९ मध्ये शासनाने डावीकडे जाणारे जादा पाणी उजवीकडे वळविले; २०२० मध्ये नव्या शासनाने तो निर्णय बदलला. दोन्ही वेळी दोन्ही काठांवर सभा झाल्या, आणि सभांना माणसे आणली गेली ती बहुतेक ऊसतोड करणाऱ्या, मजुरीवर जाणाऱ्या वस्त्यांतूनही. इंदापूर हा कालव्याचा शेपटाकडचा तालुका. वरच्या अंगाला उसाची तहान भागल्यानंतर जे उरते ते येथे येते, आणि ज्येष्ठाच्या आवर्तनात चारीवर रात्रभर कंदील घेऊन बसलेले जे दिसतात त्यांच्यातले कित्येक दुसऱ्याच्या शेताला पाणी देणारे गडी असतात.

अट्ठकथेत दोन्ही कुळांतील अडीचशे अडीचशे तरुण संघात आल्याचे सांगितले आहे. त्या वर्षी रोहिणीचे पाणी शेवटी कोणाच्या शेतात गेले, आणि त्या दास-कामकऱ्यांचे पुढे काय झाले, हे अट्ठकथाकारांनी लिहिलेले नाही.